घासलेल्या मोटारी

लढाईवरून येताना कुणी घड्याळ आणलं, कुणी गरम कांबळी आणली. लष्करात लॉरी हाकणाऱ्या नाथाजीनं काय आणलं, तर कैरोच्या बाजारातून बोटाएवढ्या सहा मोटारी. तासगावाकडचं ते गाव पोट धरून हसलं. त्याची बायको अंबूबाई मात्र हसली नाही. "घरात पोर न्हाई, बाळ न्हाई. खेळणी कुणासाठी आणलीसा?" एवढं विचारून ती जी गप्प झाली, ती मोटारींचा विषय निघाला की गप्पच. गावाच्या हसण्याचं नाथाजीला काही नव्हतं, पण तिचं हे गप्प बसणं त्याला खात होतं. आपला नवरा अगदीच खुळा नाही, एवढं तिला एकदा पटावं, म्हणजे झालं.

सेहेचाळीस साली त्याच्या कानावर आलं, की सांगलीला विश्रामबागेतल्या लालासाहेबांना असल्या मोटारी जमवायचा नाद आहे. एक मोटार खिशात घालून तो गेला. लालासाहेबांनी ती भिंगाखाली धरली. "हा रंग कारखान्यानं थोड्याच मोटारींना दिला. मग लढाई लागली आणि खेळण्यांचं कामच थांबलं. सगळ्या घेऊन ये. चांगल्या बैलाची किंमत देतो."

हे ऐकून अंबूबाई चुलीपुढून उठलीच. "बैलाची? आवं, मग बैलावानीच न्यायला पायजेत."

बैल बाजारात काढायचा तर आधी त्याला धुवायचा, शिंगं तासायची, अंगाला तेल लावायचं, हे कुणी शिकवावं लागतं का? पदर खोचून ती बसली. चिंच, राख आणि काथ्या घेऊन तिनं एकेक मोटार अशी घासली, की टवके उडालेला जुना रंग पार निघाला आणि आतला धातू लख्ख झाला. घासता घासता ती विचारत होती, ही कुठं घेतली, हिचं चाक असं का. नाथाजी सांगत होता. लढाईवरून आल्यापासून दोघं एवढं कधी बोलली नव्हती.

लालासाहेबांनी पुडकं सोडलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, रंगच घालवलास की. आता यांचं काय करू?"

"जुना हुता जी. टवकं उडालं हुतं."

"टवक्यांसकटच हवा होता."

नाथाजी बघतच राहिला. मळक्या होत्या तवा बैलाच्या मोलाच्या, आणि उजळल्या तर मातीमोल? असला बाजार त्यानं बापजन्मी पाहिला नव्हता. "नवा रंग दिऊन आणू का?" त्यानं विचारलं. लालासाहेबांनी पुडकं बांधून त्याच्या हातात परत दिलं.

वाटभर त्याच्या डोक्याचा भुगा झाला. खुळं कोण, साहेब की आपण? आणि घरी सांगायचं काय? तुझ्या घासण्यानं घात केला म्हणावं, तर ती पुन्हा गप्प होणार.

"किती आलं?" अंबूबाईनं दारातच विचारलं.

"दिल्या न्हाईत. मनच झालं न्हाई."

आता ही अंगावर येणार म्हणून तो अंग चोरून उभा राहिला. तिनं पुडकं घेतलं आणि एकेक मोटार पदरानं पुसली.

"बरं केलंसा," ती म्हणाली. "मला बी सकाळपास्नं करमत न्हवतं."

नाथाजीला काही म्हणता काही उमगेना. त्याला एकदम भरून आलं. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि प्यायला पाणी मागितलं.