चार बोटांची जागा

पाटेवाले काका गाडी बघायच्या आधी ती ऐकत. मागच्या चाकांवरचे, गाडीचं वजन पेलणारे स्प्रिंगचे पोलादी पाटे सोडवायचे, एकेक पाटा दोरीने कडुलिंबाच्या फांदीला टांगायचा, पान्याने ठोकायचा आणि डोळे मिटायचे. घंटेसारखा वाजला तर ठीक, नाहीतर बाजूला. अकोल्यात मूर्तिजापूर रोडवर त्यांची शेड होती. पाटा वाजत असताना तिथे कुणी बोलायचं नाही, हा नियम गिऱ्हाइकालाही लागू होता.

मला ते 'यादीवाले भाऊ' म्हणत. मी खिशातून वही काढली की विचारत, "बोला, आज काय काय लिवून आनलं?" वही मात्र त्यांनी कधी हातात घेतली नाही.

वडिलांची जुनी गाडी माझ्याकडे होती. लेकीचं लग्न अमरावतीत, सासर अकोल्याचं. तिची पाठवणी याच गाडीतून करायची आणि त्याआधी गाडी दोन इंच खाली बसवायची, म्हणजे फोटोत रुबाबदार दिसेल, असं मी ठरवलं होतं. काकांनी पंधरा दिवस मागितले. माझ्या यादीत पाचच होते. मी अमरावतीतल्याच एका गॅरेजात पाटे गॅसने तापवून खाली बसवून घेतले आणि वहीत बरोबरची खूण केली. लग्नाला तीन दिवस उरले असताना, मेव्हण्याला सोबत घेऊन, गाडी काकांकडे नेली. फक्त नट आवळून घेतो, म्हणालो.

काकांनी सगळे पाटे उतरवले. तिसरा पाटा डबा वाजावा तसा वाजला.

"याले गॅस कोनं दाखवला?"

"जुना आहे, म्हणून तसा वाजत असेल," मी म्हणालो.

"जुना असा वाजते का? चाळीस वर्सं आयकून राहिलो मी." गाडीची चावी त्यांनी खिशात टाकली. "गाडी नाई भेटत."

"काका, परवा हळद आहे."

"मंग हळद लावा ना. गाडीचं काय त्यात?"

माझा आवाज चढला. गाडी माझी आहे, मी म्हणालो. काकांनी तेच पाटे पुन्हा चढवले. "बसा. चौघं बसा. रिकामी गाडी सारेच पायतात. रिकाम्या गाडीत कोनी मरत नाई."

त्यांची शेवटची तपासणी नेहमी अशीच असे, माणसं बसवून. मी, मेव्हणा आणि त्यांचे दोन कारागीर बसलो. काका स्वतः चालवत होते. फाटकाबाहेरच्या नालीवर गाडी माणसाच्या चालीने उतरली आणि मागून बंदुकीसारखा आवाज आला. उजवी बाजू खाली बसली. चाक वरच्या पत्र्याला घासलं, जळक्या रबराचा वास आला. कुणीही उतरलं नाही. समोरून मोठ्या रस्त्यावर ट्रक जात होते. तीन दिवसांनी त्याच रस्त्याने लेक येणार होती.

"हे लिवलं होतं का यादीत?" काकांनी हळू विचारलं.

"नव्हतं," मी म्हणालो.

"पोरीले सांगू नका. गाडीत बसाले भेल ते."

दोन दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. चांगले वाजणारे पाटे शोधून चढवले आणि गाडी खाली यावी म्हणून पाटे आणि चाकांचा आस यांच्या मध्ये लोखंडी ठोकळे बसवले. गाडी दीडच इंच खाली आली. "अर्धा इंच रस्त्याले ठेवला," म्हणाले.

लग्नाला ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, रेल्वेने बडनेऱ्याला उतरून आले. पाठवणीच्या वेळी लेक गाडीत बसली, बायका रडत होत्या. काका मागच्या चाकाशी उकिडवे बसले आणि चाक अन् पत्रा यांच्या मधे हात घातला. चार बोटं आरामात गेली. तेव्हा कुठे ते उठले आणि मला म्हणाले, "जाऊ द्या आता."

काका जाऊन आता दोन वर्षं झाली. शेडही राहिली नाही. लेक माहेरी येते, परत निघते, नातू मागच्या सीटवर उड्या मारत असतो. सगळे बसले की मी चाकाशी वाकतो.

"बाबा, नवी गाडी आहे ही," ती हसते.

मी चार बोटं घालून बघतो, आणि मगच फाटक उघडतो.