कलावतीच्या पायातली वीट

विटांच्या बाबतीत शालिकरामशी वाद घालायच्या भानगडीत कोणी पडत नसे. गोंदियाकडून विशीत भिलाईला आलेल्या या माणसाने स्टील प्लांटमध्ये जन्मभर भट्ट्यांना आतून विटा बसवल्या. आतला थर झिजला की भट्टी गेली, हे त्याचं ब्रह्मवाक्य. रिटायर झाला, तरी लोकांच्या भिंती ठोकून बघायची खोड काही गेली नाही.

त्याची बायको कलावती सेक्टर दहातल्या क्वार्टरच्या पायरीवरून पडली आणि गुडघ्याखालचं हाड आत दबलं. डॉक्टरांनी ते उचलून धातूची पट्टी बसवली, पण खाली पोकळी राहिली. या वयात कमरेचं हाड कोरून भरण्यापेक्षा त्यांनी तिथे भाजून केलेले कृत्रिम हाडाचे पांढरे दाणे भरले. शालिकरामने एवढंच विचारलं, किती डिग्रीवर भाजतात? हजाराच्या वर, असं ऐकलं तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. म्हणजे वीटच, तो कलावतीला म्हणाला.

तीन महिने पाय टेकवायचा नाही, मग एक्स-रे दाखवून चालायला लागायचं, असं ठरलं होतं. एक्स-रे काढून झाला, फिल्म आणायला तो एकटाच गेला. घरापर्यंत धीर कुठला! रस्त्यातच स्कूटर थांबवून त्याने ती फिल्म उन्हात धरली. आधीच्या फिल्ममध्ये दाणे पांढरेशुभ्र दिसत होते, आता निम्मे पुसटले होते. झिजलेला थर कसा दिसतो, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

तो डॉक्टरकडे गेलाच नाही. फिल्म कपाटामागे सरकवली आणि कलावतीला धडधडीत खोटं सांगितलं, की अजून दीड महिना पाय टेकवायचा नाही. मग सुरू झाली त्याची चाकरी. चहा केला, भात लावला, तिची वेणीसुद्धा घातली, आणि ती इतकी घट्ट की दोन दिवस सुटू नये. ही उभी राहिली आणि पाय पुन्हा मोडला तर, या भीतीने तो आतल्या आत झुरत होता.

महिन्याने मात्र त्याला राहवेना. फिल्म घेऊन तो डॉक्टरांसमोर उभा राहिला. आधी त्यांनी उशिराबद्दल चांगलं खडसावलं, मग समजावलं. हे दाणे टिकण्यासाठी नसतातच. ते जागा धरून ठेवतात, त्यांच्यात नवं हाड शिरतं आणि ते हळूहळू विरतात. बाईंचं हाड छान भरतंय, आता काठी घेऊन चालू द्या.

घरी येऊन त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं, खोट्यासकट. कलावती खाटेवरून उठली, भिंत धरून स्वयंपाकघरात गेली आणि त्याच्यासाठी पाणी घेऊन आली. पहिल्यांदा चालणाऱ्या बाईची ती चाल नव्हती.

"तुमी भाजी आणाले गेले का मी रोज चालतच होती," ती म्हणाली.

"मंग सांगतलं कावून नाही?"

कलावती त्याच्याजवळ बसली.

"सारी उमर तुमाले ड्यूटीनं नेलं. आत्ता कुठं माह्या वाट्याले आले होते."