नव्या गेममधली घंटी

आमच्या घरात टीव्हीवरचा गेम सगळ्यांत भारी कोण खेळायचं, तर आबा, म्हणजे माझे वडील. उधन्याला लूमच्या खात्यातून, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यातून, पाळी करून आले की चहा पिता पिता शेवटच्या पुलापर्यंत जायचे. एक ठेंगू शिपाई फळ्यांवरून उड्या मारत जायचा. कोसळायच्या आधी फळी थरथरायची, आणि थरथरली की आबांचा अंगठा दाबला गेलाच म्हणून समजा.

यंदा तोच गेम नव्याने निघाला आणि लोकांचा नुसता कलकलाट. जुने खेळणारे भडकले: रंग बदलले, शिपायाच्या मिशा उडवल्या, वाटोळं केलं आमच्या बालपणाचं! समीक्षक मात्र खूश. फळी आता थरथरत नाही, कोसळायच्या आधी बारीक घंटी वाजते, आणि त्या घंटीचं कौतुक करताना ते थकेनात. हेडफोन लावूनच खेळा म्हणे. ऑफिसात साड्यांचे फोटो वेबसाइटवर चढवता चढवता मी हे सगळं वाचलं. मला त्या भांडणाशी काही घेणंदेणं नव्हतं. गेम घेतला तो आबांसाठी.

आबा पहिल्याच पुलावरून पडले. पुन्हा पडले. सुट्टीचा अख्खा दिवस पडतच राहिले. लूमच्या खडखडाटाने त्यांचे कान केव्हाच गेलेत. घरात आम्ही निम्मं बोलणं हातवाऱ्यांनीच करतो. त्यांना घंटी ऐकू येणार कशी? गेम घेताना हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी सांगणारच होते, तेवढ्यात त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"हात धीमा पडनात, बेटा," ते म्हणाले. "आते लूमवर नही जावानं. एखाद दिन बोट जाई."

अहो, हेच तर आम्हाला हवं होतं! उरलेसुरले कान तरी वाचवा, काम सोडा, म्हणून डॉक्टर सांगून थकले, आई रडून थकली, मी भांडून थकले. आबा ढिम्म. आणि आता आपणहून सोडत होते. घंटीचं मी सांगितलंच नाही. आईने त्या संध्याकाळी शिरा केला.

पण माणूस पार उतरला. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागला. दाढीला न्हाव्याकडे जायला लागला, का तर म्हणे वस्तऱ्याचा भरवसा नाही. हात ठणठणीत होते हो त्यांचे! बघून माझा जीव तुटायचा, आणि त्या घंटीवाल्या समीक्षकांचा असा संताप यायचा की समोर असते तर सोडलं नसतं.

शेवटी राहवेना. एका संध्याकाळी त्यांना टीव्हीसमोर बसवलं आणि गेम लावला. घंटी वाजली की मी त्यांच्यासमोर हात हलवायचे, आरतीला घंटी हलवतो तसा. आबांनी उडी मारली. पुढच्या फळीवर पुन्हा मारली. पूल पार झाला तसा त्यांनी माझ्याकडे वळून 'कसं?' म्हणून हात केला.

"तठे घंटी वाजस, आबा," मी कानाशी ओरडून सांगितलं. "तुम्हाले ऐकू येत नही, इतलंच."

"मंग मना हात बराबर शेतस!" आबा इतक्या मोठ्याने हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा डबा घेऊन पाळीला गेले. आई अजून माझ्याशी धड बोलत नाही.