जुम्म्याच्या संध्याकाळचा कोंगा

जहूरभाई कोंगा वाजवतात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. दाढी पांढरी, डोक्यावर टोपी, बोलणं अस्सल रत्नागिरीचं आणि काम मस्कतजवळच्या रुसैलच्या कारखान्यांत कामगारांची बस नेण्याआणण्याचं. पण कामगार आत गेले की बस दिवसभर उभी, आणि जहूरभाईंची बोटं काही स्वस्थ बसायची नाहीत. स्टिअरिंग बडवत राहायची. कोलंबियाच्या एका इंजिनिअरने ते ऐकलं आणि त्यांना घरी नेऊन शिकवलं. नोकरी संपवून मायदेशी जाताना त्याने आपले दोन्ही कोंगे, म्हणजे ते कमरेएवढे उंच ढोल, जहूरभाईंच्याच बसमध्ये चढवून दिले. खुदेजाभाभी म्हणाल्या, "घरात दोन सवती आल्या!" तरी त्या सवतींवरची धूळ रोज पुसायच्या त्याच.

मस्कतच्या माबेला वस्तीत आम्ही शेजारी. मी पुण्याची, लहानपणी पेटी शिकलेली, म्हणून जहूरभाईंनी मलाही कीबोर्डवर बसवलं. मस्कतमधली लॅटिन अमेरिकन कुटुंबं दर हिवाळ्यात एक संगीतमेळा भरवतात. त्यात क्युबाच्या आजीबाई नाचतात, फिलिपिनो पोरं ट्रम्पेट फुंकतात आणि आमच्यासारखी उपरी मंडळीही खपून जातात. शेवटचा मान दोन पिढ्यांचा. एकाच घरातलं एक म्हातारं आणि एक लहान, असं मिळून वाजवायचं.

गेल्या वर्षी जहूरभाईंची नात अल्फिया त्यांच्यासोबत क्लावे घेऊन बसली होती. क्लावे म्हणजे एकमेकींवर वाजवायच्या दोन लाकडी दांडक्या. दिसायला पोरखेळ, पण सगळ्यांचा ठेका त्यांच्याच हातात. गर्दी बघून पोरीचे हात आखडले आणि ती रडत पळाली. शाळेत मुलींनी चिडवचिडव चिडवलं. त्यानंतर कित्येक महिने तिने दांडक्यांना हात लावला नाही. यंदा कशीबशी तयार झाली, तीही आजोबांना, म्हणजे तिच्या दादाला, एक अट घालून.

"दादा, तू बाजूला बसणार ना? प्रॉमिस?"

"बसणार गो. तू थांबलीस तरी मी थांबणार नाय."

मेळ्याच्या शुक्रवारी जहूरभाई नमाजाला गेले आणि खुदेजाभाभी माझ्या स्वयंपाकघरात येऊन जमिनीवरच बसल्या. जहूरभाईंची आई गेली होती. भाभींच्या बहिणीने गावाहून फोन केला होता.

"यांना सांगू नका, विद्याताई. जुम्म्याच्या नमाजानंतर माती हाय. आता विमानात बसले तरी पोचायचे नाय. सांगितलं तर हे वाजवायला बसतील काय? आन् हे नाय तर पोरगी नाय. कार्यक्रम झाला की मी सांगते. रातचं तिकीट यासिर काढतोय." यासिर त्यांचा मुलगा, अल्फियाचा बाप.

मला संताप आला. गल्फमधली ही रीत मला कधीच पटलेली नाही. माणूस गेलेला असतो, आणि इथे कळवतात ताप आहे. मग कळवतात सीरियस आहे, निघून ये. जहूरभाईंच्या वडिलांच्या वेळी असंच झालं. विमानतळावर भाऊ गळ्यात पडून रडला तेव्हा त्यांना कळलं. "त्यांची आई आहे ती भाभी, त्यांना आधी कळायला नको?" मी जवळजवळ ओरडलेच.

"पोरीकडे बघा," एवढंच त्या म्हणाल्या. सासू त्यांची, नवरा त्यांचा. मी तोंड मिटलं, पण पटलं मुळीच नव्हतं.

संध्याकाळी जहूरभाई पांढराशुभ्र इस्त्रीचा सदरा घालून आले. अल्फिया बाजूला. सुरुवात छान झाली, आणि मध्येच पोरीचे हात थांबले. जहूरभाई थांबले नाहीत. तिच्याकडे बघत, हलक्या हाताने, नुसत्या बोटांनी तिचाच ठेका ते कोंग्यावर वाजवत राहिले. वाजवता वाजवता हसलेसुद्धा. पोरीने खाली मान घालून श्वास घेतला आणि बरोबर जागेवर ठेका उचलला. लोक उभे राहिले. क्युबाच्या आजीबाईंनी अल्फियाच्या कपाळाचा मुका घेतला. इतकं सुंदर वाजवताना मी जहूरभाईंना कधी ऐकलं नव्हतं, आणि त्या दिवशी मला ते ऐकवत नव्हतं.

नंतर यासिरने अल्फियाला गाडीतून घरी नेलं. आम्ही तिघं पार्किंगमध्ये कोंगे बसमध्ये चढवत होतो. भाभींनी रीतीप्रमाणे लांबूनच सुरुवात केली. "गावाहून फोन होता. आयची तब्येत जरा..."

"राहू दे, खुदेजा," जहूरभाई म्हणाले. "मना पहाटे फजरच्या नमाजालाच कललं. भावाचा फोन आलता."

भाभी म्हणाल्या, "आन् तुम्ही बोललात नाय?"

"तू रडली असतीस. पोरीनं बघितलं असतं."

"दुपारी मटणाचं सालन दोनदा मागून घेतलंत तुम्ही."

"तुना शक येईल म्हणून. तूपण वाढतच होतीस की, पोटभर जेवा, पोटभर जेवा करून."

भाभींनी ओढणी तोंडात कोंबली. मी त्यांना धरायला पुढे झाले, पण त्यांना माझी गरज नव्हती. जहूरभाईंनी हातातला कोंगा खाली ठेवला आणि आधारासाठी बसचं दार धरलं.

"त्याच वक्ताला आयला कबरीत उतरवत होते, खुदेजा," ते म्हणाले. "आन् आपण दोघं एकमेकांसमोर बसून जेवत होतो."