मधोमध ठेवलेल्या ताटल्या

नागपूरच्या धर्मांतराला वर्ष झालं होतं आणि मी यवतमाळला कॉलेजात शिकत होतो. मेलेली ढोरं ओढायचं काम बाबांनी सोडलं, तेव्हापासून मारेगावजवळच्या आमच्या गावात त्यांना मजुरीला कुणी बोलावत नव्हतं. एकट्या पाटलांच्या वावरात काम मिळे आणि त्यावरच आमची चूल पेटत होती. मी मात्र चळवळीची पत्रकं वाचून वाढलेला. सहभोजनावर तासभर बोलू शकत होतो.

स्टँडमागे एका चाचांचं हॉटेल होतं. दुसऱ्या महायुद्धात पलटणीचे खानसामा म्हणून ते लेबनॉनात राहिले होते आणि तिथली रीत त्यांनी इथं चालवली होती. लांब टेबलावर मधोमध लहान लहान ताटल्या: तीळ-लिंबू घालून वाटलेले हरभरे, भाजलेल्या वांग्याचं दह्यातलं भरीत, बारीक चिरलेली कोथिंबीर. रोटीचा तुकडा मोडायचा आणि सगळ्यांनी त्याच ताटल्यांत बुडवायचा. इतर हॉटेलांत आमच्यासाठी बाहेर वेगळा कप असे. इथं वेगळी ताटली मागणाऱ्यालाच चाचा म्हणत, "अलग होना तो सामने के होटल में जाव."

तांड्यावरचा माझा वर्गमित्र मला तिथं घेऊन गेला. माझा हात थबकलेला पाहून तो म्हणाला, "भाषणात त लय जोर असते तुह्या. खा ना बे."

मी तुकडा बुडवला. तेवढ्यात मागच्या दारानं आमचे पाटील आत आले. कोर्टाच्या तारखेला आले असावेत. मटण त्यांना गावातही मिळे, पण मुसलमानाच्या हातचं खातात हे गावाला माहीत नव्हतं.

ते समोरच बसले. "मटन होयेपर्यंत ह्या मिलिटरी चटण्या मस्त लागते पोट्टेहो, आमच्या मारेगावकडे नाही भेटत," म्हणत त्यांनी मी बुडवलेल्याच ताटलीत रोटी बुडवली. मी मान खाली घातली. अशा वेळी आपण कोण ते सांगून बाजूला व्हायचं, हे आमच्या माणसांना लहानपणापासून शिकवलेलं. मी बाजूला झालो नाही. बाबांचं काम गेलं, एवढंच डोक्यात होतं.

"हा तुमच्याच मुलखातला हाय, मारेगावकडचा," मित्र बोलून गेला.

पाटलांनी निरखून पाहिलं. "कोणाचा तू?"

मी बाबांचं नाव सांगितलं. त्यांचा हात ताटलीवर तसाच राहिला. आधी त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गावात सांगशील?"

"विचारलं त सांगीन." 

"तुहा बाप माह्या वावरात हाय."

"माहीत हाय."

मटणाची वाट न पाहता ते हात धुऊन निघून गेले.

शनिवारी मी गावी गेलो. बाबा दारातच होते. "पाटील आलते. म्हने, पोरगा थकून येते, त्याले काही इचारू नका. काहून रे?"

त्यांनी विचारलं होतं, म्हणून मी सांगितलं. बाबांनी उठून आधी दार लावलं.

"त्यायनं खाल्लं? तुह्याच ताटलीतलं?"

"खाल्लं."

बाबा दाराला पाठ लावून बसले. "तू एकट्यानंच खाल्लं असतं त त्यायनं शिव्या देऊन सोडलं असतं," ते म्हणाले. "आता त्यायले आपलं भेव हाय. भेलेल्या मानसाचा भरवसा नाही."

सोमवारी ते नेहमीसारखे पाटलांच्या वावरात कापूस वेचायला गेले. मी कॉलेजला परतलो नाही. आई आणि मी दिवसभर वावराच्या वाटेकडे पाहत दारात बसून राहिलो.