निळी ट्यूब

"कोड आहे. लागत नाही. आता कामाचं बोला."

प्रयोगशाळेत कोणीही नवा माणूस आला की बाई उजवा हात पुढे करून ही तीन वाक्यं एका दमात बोलून टाकायच्या. समोरचा बावचळायचा. हात हातात घ्यावा की नमस्कार करावा, हे त्याचं ठरेपर्यंत बाई कामाला लागलेल्या असायच्या. पांढरे डाग मनगटापासून बोटांपर्यंत होते, आणि एक हनुवटीवर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आधीच तोडून बोलतात, म्हणजे नंतर कुणी जवळ येऊन विचारायला नको.

बाई ज्या संस्थेत संशोधन करायच्या, त्याच संस्थेत मी औषधं तयार करण्याच्या विभागात होतो. मलमं घोटायची आणि ट्यूबमध्ये भरायची, हे माझं काम.

आमच्या आवारात एक आफ्रिकेतलं झाड होतं, कुण्या हौशी माणसानं कधीकाळी लावलेलं. त्याला दोरीला टांगल्यासारखी दुधी भोपळ्याएवढी फळं लोंबायची आणि अधूनमधून एखादं कुणाच्या तरी स्कूटरवर पडायचं. झाडाला शिव्या घालण्यापलीकडे आम्ही त्याची दखल घेतली नव्हती. एकदा टांझानियाहून पुण्यात शिकायला आलेला एक विद्यार्थी ते झाड पाहून थबकला. गावचं माणूस भेटावं तसा त्याचा चेहरा फुलला. म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे ह्या फळाचा लेप अंगावरच्या डागांना लावतात. माझी आजी लावायची."

"लावतात, एवढं कळलं," बाई म्हणाल्या. "गुण येतो का, ते बघू. बघितल्याशिवाय बोलू नये."

ते बघण्यात त्यांची बरीच वर्षं गेली. फळं वाळवायची, अर्क काढायचा, त्यानं अपाय होत नाही ना हे उंदरांवर तपासायचं. बाई स्वतःसाठीच औषध शोधताहेत, अशी कुजबुज संस्थेत होतीच. त्यांच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

त्याच काळात पुण्यात संगणकाचं वारं सुटलं. बाईंच्या हाताखालची मुलं एकेक करून संध्याकाळचे क्लास लावू लागली आणि हिंजवडीच्या कंपन्यांत निघून गेली. जाताना पेढे आणायची. बाई अर्धा पेढा उचलून म्हणायच्या, "अभिनंदन. कपाटाची किल्ली टेबलावर ठेवा." शेवटी त्या कामावर आम्ही दोघंच उरलो. आपल्याकडे पेढे वाटण्यासारखं काही घडतच नाही, असं मी एकदा गमतीनं म्हटलं.

"घडलं की वाटू," त्या म्हणाल्या. "आधी नाही."

अखेर माणसांवर चाचणी घ्यायची परवानगी मिळाली. त्यासाठी मी दोन मलमं केली. एकात फळाचा अर्क, दुसरं नुसतंच. रंग आणि वास अगदी सारखे. एक लाल ट्यूबमध्ये भरलं, एक निळ्या. कशात काय आहे ते फक्त मला ठाऊक. लावणाऱ्यांना नाही, आणि डाग मोजणाऱ्या बाईंना तर मुळीच नाही.

"तुम्ही लावून बघणार का?" मी चाचरत विचारलं.

"नाही. मी लावलं तर मला फरक दिसायला लागेल. माणसाला हवं असतं तेच दिसतं."

बाईंनाही काही हवं आहे, हे मला तेव्हा प्रथम कळलं.

दुसऱ्या दिवशीपासून त्या चारच्या चहाला यायच्या बंद झाल्या. मी विचारायला गेलो तर म्हणाल्या, "अहो, तुमचा चेहरा फार बोलतो. चाचणी संपेपर्यंत चहा वेगळा." मग मी खाली कँटीनमध्ये आणि त्या वर प्रयोगशाळेच्या खिडकीशी. जिन्यात गाठ पडली तर दोघंही मान खाली घालून जायचो. लोकांना वाटलं, भांडण झालं. मला फार एकटं वाटायचं. त्यांना काय वाटत असेल, हे विचारायचीही सोय उरली नव्हती.

चाचणीला वाघोलीहून एक मुलगी आईबरोबर यायची. मानेवरच्या डागामुळे तिचं लग्न जमत नव्हतं. बाई त्या डागावर पारदर्शक कागद ठेवून त्याची कड हलक्या हातानं गिरवून घ्यायच्या. एकदा फाटकापाशी आईनं मला गाठलं.

"सायेब, बघा की. कमी हाय का न्हाई?"

डाग खरंच आक्रसला होता. मुलीच्या हातात निळी ट्यूब होती. निळी म्हणजे नुसतं मलम. "कमी आहे," एवढं बोलून मी वळलो, तर वर खिडकीत बाई उभ्या. मी घाईघाईनं तोंड फिरवलं.

चाचणी संपली. मोजमापांचा हिशोब लावून झाल्यावर बाईंनी मला दुपारी अडीचला वर बोलावलं.

"निळीवाल्यांत फरक आहे. फार नाही, पण आहे. आता सांगा."

"निळीत काही नव्हतं, बाई."

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. "म्हणजे फळाचा गुण नाही. आपोआपही भरतात कधीकधी डाग." मग पिशवीतून खोकं काढलं. "घ्या, पेढा."

"कशाचा?"

"निकालाचा. लागला ना?"

सगळ्या विभागांत त्या पेढे वाटून आल्या. बाई विक्षिप्तच, असं म्हणत लोकांनी खाल्ले. मीही तसंच म्हणून सोडून दिलं असतं. पण लगेच कामासाठी बाहेर पडलो, तर कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानाला कुलूप. दुपारी एक ते चार बंद. साक्षात पेशवे आले असते तरी उघडलं नसतं. खोक्यावर नाव त्याच दुकानाचं होतं. म्हणजे पेढे बाईंनी सकाळीच घेतले होते. 'आधी नाही' म्हणणाऱ्या बाईंनी. भर रस्त्यात माझे डोळे भरून आले.

बाईंनी निकाल होता तसा छापला. पुढे निवृत्त झाल्या, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहिल्या आणि एकट्याच गेल्या. प्रयोगशाळेत आता संगणकाचे वर्ग भरतात. मिठाईचं ते दुकान दुपारीही उघडं असतं. त्यावरून जाताना मला निकालाच्या दिवशीचा चारचा चहा आठवतो.

मी चहाचे दोन कप घेऊन वर गेलो होतो. बाई खिडकीशी बसल्या होत्या. लाल ट्यूब उघडून, डाव्या हाताच्या बोटांनी त्या उजव्या हातावर सावकाश मलम चोळत होत्या. मी दारातच थांबलो.

"या," त्या म्हणाल्या. "आता लावायला हरकत नाही. आता मला काही दिसायचं नाही."