लाल शाईतलं ‘तुझं काय?’

चिवड्यात शेंगदाणे तळाशी जातात, तसे किस्से माणसाच्या तळाशी साचतात. डबा हलवला की वर येतात. कारकुनीतून निवृत्त झाल्यापासून मी मलकापूरच्या एका अभ्यासिकेत फुकट वर्तमानपत्रं वाचायला जातो. तिथं स्पर्धा परीक्षेच्या पोरांना रोहिणखेडचे शेख सर निबंध शिकवतात. माझा डबा तिथंच भरला.

*

संतोष नावाचा पोरगा कुठल्याही विषयावर लिहायचा, ‘या प्रश्नाला दोन बाजू आहेत.’ विषय हुंड्याचा आला, तरी तेच.

सर म्हणाले, “बरोबर. एक देणाऱ्याची, एक घेणाऱ्याची. तू कोणत्या बाजूनं आहेस बे?”

संतोषचं लग्न ठरलेलं होतं. त्यानं ते वाक्य खोडलं. पुढं कानावर आलं, हुंडाही खोडला.

*

मग संतोषनं दुसरं टोक गाठलं. रस्त्यांवरच्या निबंधात ठेकेदाराला थेट ‘हरामखोर’ लिहिलं.

“मियां, हे मत नाही, शिवी आहे. खड्डा केवढा, त्यात कोण पडलं, ते लिही. शिवी तं वाचणारा स्वतःच देईल.”

संतोषनं तसं लिहिलं. वाचताना मी ती दिली.

*

माझा हात सरकारी पत्रांत घडलेला. सरांनी एकदा मलाही विषय दिला: ‘आपल्या कँटीनचा चहा’. मी लिहिलं, ‘चहा समाधानकारक असल्याचे दिसून येते.’

“कोणाले दिसून येते, बाबूजी?”

उभ्या नोकरीत एकाही साहेबानं मला हे विचारलं नव्हतं. आणि चहा, खरं सांगायचं तर, भिकार होता.

*

नांदुऱ्याजवळच्या खेड्यातली वर्षा सगळ्यात हुशार. दोन्ही बाजू अशा मांडायची की वकिलानं शिकावं. शेवट मात्र कोरा. सर दरवेळी खाली लाल शाईत लिहायचे, ‘तुझं काय?’

एकदा ती वैतागली. “सर, घरी कोणी मत इचारत नाही. पेपरात काऊन इचारतात?”

सरांनी वही तिच्यापुढं सरकवली. “म्हणून तं पेपरात सराव करायचा, बेटा.”

*

परीक्षा तोंडावर आली आणि अकोल्याचं स्थळ आलं. होकार गेला की अभ्यास बंद, हे वर्षाला ठाऊक होतं. वडिलांनी वडीलधारे म्हणून सरांना आणि मला बोलावलं.

पाहुणे भले होते. मुलाचे मामा म्हणाले, “लग्न याच महिन्यात उरकू. मग शिकली तं शिकू द्या, आमची हरकत नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मामांनी गमतीनं विचारलं, “काय पोरी, तुझं काय?”

वर्षानं पोह्यांचा ट्रे खाली ठेवला.

“प्रस्तावना सांगू का थेट निष्कर्ष?”

कोणी हसलं नाही. तिनंच सुरू केलं. मुलगा चांगला, घर चांगलं, बाबांची काळजी खरी. एकही गोष्ट लपवली नाही. मग दुसरी बाजू: पाठीमागची मेहनत, समोरची परीक्षा. “हरकत नसणं आणि साथ असणं यांत फरक आहे, मामा. माझ्या मते, परीक्षा आधी. थांबता येत असेल तं थांबा.”

मामांच्या हातातला चमचा तसाच राहिला. वडिलांनी पाहुण्यांकडं पाहिलंच नाही. ते सरांकडं वळले.

“सर, याले किती मार्क?”